नमुन्याबरहुकूम

पावसाचे पाणी शुद्ध असते, हे मार्तंडराव देऊळगावकरांना विलायतेत रंगाईच्या कारखान्यात दहा महिने काढल्यावर समजले. जालन्याला परतल्यावर त्यांनी हुन्नरशाळेच्या मागच्या खाऱ्या विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या आणि शाळेच्या पत्र्याखाली जस्ती हौद बसवून घेतला. छपरावर पडणारा पाऊस पन्हळीतून हौदात उतरे. त्याच छपरावर वर्षभर पारवे बसत, याचा विचार झाला नव्हता. हौदावर पाटी लागली: 'शुद्ध जल. केवळ रंगाईसाठी.' पाटी उर्दूत आणि मराठीत होती. पारव्यांना दोन्ही भाषा येत नव्हत्या.

मी त्या शाळेत रसायन शिकवत असे. शाळा बायकांची होती. बारा बायका, एक साल, सूतकताई, हातमाग आणि रंगाई. शेवटी परीक्षा आणि सनद. सनद हातात आली की तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत हुन्नर शिकवण्याची जागा मिळण्यासारखी असे. मी हैदराबादेत विज्ञानाची पदवी घेतली होती, आणि अशी पदवी असलेल्या बाईचे करायचे काय हे कुणालाच न सुचल्याने मला इथे पाठवले होते. नेमणूक हंगामी होती. हे आधीच सांगते, कारण पुढे मी जिथे जिथे गप्प बसले तिथे स्वतःला हेच कारण दिले.

लढाईच्या आधी शाळेत रंग म्हणजे पुडीचा रंग. जर्मनीहून डबे येत, पाण्यात टाकले की काम झाले. देशी रंगांना मार्तंडराव तेव्हा 'चिखलकाम' म्हणत. लढाई सुरू झाली, डबे बंद झाले, आणि खात्याचा हुकूम आला की यापुढे शाळांनी देशी रंग शिकवावेत. हुकूम सोमवारी आला. पुढच्या सोमवारपर्यंत मार्तंडराव देशी रंगांचे जाणकार झाले होते. दोन महिन्यांत त्यांनी बेचाळीस पानांचे पुस्तक लिहून छापूनही घेतले. पहिल्या पानावर त्यांचा टोपी घातलेला फोटो होता, आणि आत आलाच्या मुळांपासून लाल रंग करण्याची कृती होती. कृतीची पहिली अट अशी: पाणी शुद्ध, म्हणजे पावसाचे असावे.

आल हे आमच्या भागातले जुने झाड. त्याच्या मुळांच्या सालीत लाल रंग असतो. पूर्वी खारव्याचे जाडे कापड त्यातच रंगवत. सूत आधी तेलात आणि पापडखारात मळायचे, उन्हात वाळवायचे, पुन्हा मळायचे, मग तुरटी द्यायची. यात महिना जातो. शेवटच्या दिवशी मुळांची भुकटी पाण्यात घालून त्यात सुताची लडी हळूहळू तापवायची, दोन-तीन तास. लाल उठतो तो तिथे.

आमच्या हौदाच्या पाण्यात लाल उठला नाही. जो उठला तो विटेचा रंग होता, आणि तोही जुन्या, भिजलेल्या विटेचा. कारण माझ्या कॉलेजच्या पुस्तकात सरळ लिहिलेले होते. अशा मुळांचा लाल तुरटीबरोबर चुनाही मिळाल्याशिवाय उठत नाही. जड, खाऱ्या पाण्यात चुना असतो, पावसाच्या पाण्यात नसतो. विलायतेतले पाणी हलके, म्हणून तिथल्या कारखान्यात कुणीतरी सकाळीच पिंपात खडूची, म्हणजे चुन्याचीच, भुकटी टाकून ठेवत असणार. मार्तंडराव कारखान्यात पोचेपर्यंत ती विरघळून जात असावी.

मी पुस्तक घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पान वाचले, पुस्तक मिटले, आणि मला समजावले की हे पुस्तक पुडीच्या रंगांचे आहे; देशी रंगांचे पुस्तक त्यांनी लिहिले आहे. मी परत आले.

मग त्यांनी एक काम केले, ज्याचे मला आजही कौतुक वाटते. विटकरी सुताची एक जुडी त्यांनी पांढऱ्या पुठ्ठ्यावर चिकटवली, खाली 'नमुना क्रमांक एक, आलाचा लाल' असे लिहिले, सही केली आणि खात्याकडे पाठवून दिली. खात्याने शिक्का मारून तो पुठ्ठा परत पाठवला. त्या दिवसापासून आलाचा लाल रंग विटकरी असतो असे ठरले. मुळांना काय वाटते हा प्रश्न उरला नाही.

त्या वर्षीच्या बारा बायकांत हसनाबादची सगुणाबाई होती. वय अठ्ठावीस-तीस, बांधा कुणबिणीचा, बोलणे कमी. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती माहेरी निघून आली होती. भाऊ बद्रीनाथ तिला बैलगाडीतून शाळेच्या फाटकाशी घेऊन आला, आणि तिथेच, माझ्यासमोर, त्याने तिला अट घातली. आवाज चढवून नव्हे. बैलाच्या मानेवरची माशी हाकलत.

"एक साल देतो, अक्का. सनद भेटली तर तुझी तू. न्हाई भेटली तर मुकाट नांदायला जायाचं. मंग मला काई सांगायचं न्हाई."

ती हो म्हणाली. सासर भोकरदनच्या पलीकडे होते. तिथे सवतीची दोन पोरे सांभाळायला माणूस हवे होते, म्हणून तिला परत न्यायला ते तयार होते. हे ती एकदा मला सूत वाळत घालताना सहज सांगून गेली, जसे कुणी सांगावे की अमक्याच्या घरी जाते फुटले आहे.

पाण्याचा विषय तिनेच वर्गात काढला. मार्तंडराव शुद्ध पाण्यावर व्याख्यान देत होते. सगुणाबाईने हौदातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाली की साहेब, ह्याला चवच नाही. चव कशाला हवी, असे त्यांनी विचारले. तिने सांगितले की तिच्या आजोळी आल होता. रंगारी मुळे न्यायला यायचे ते आधी आडाचे पाणी जिभेवर घ्यायचे, आणि गोडे लागले तर म्हणायचे, इथे रंग नाही.

मार्तंडराव हसले. "विलायतेत आम्ही पाणी यंत्रानं तपासतो, बाई. जिभेनं बैल तपासतो."

हसणे भाग होते म्हणून बायका हसल्या. ते गेल्यावर बदनापूरची चतुराबाई म्हणाली, "बैल तरी पारव्याचं पाणी पेत न्हाई," आणि मग बायका खऱ्या हसल्या. सगुणाबाईने माझ्याकडे पाहिले. मी फळा पुसत होते. फळा आधीच स्वच्छ होता.

परीक्षा मार्चमध्ये आली. परतूरच्या मुलींच्या शाळेत हुन्नर शिकवणारी बाई हवी होती. ती जागा आमच्या शाळेतून भरायची होती आणि निवड करायला हैदराबादहून खात्याचे मददगार नाजिम, म्हणजे दोन नंबरचे साहेब, रामराव येणार होते. प्रत्येकीला तेल-तुरटी दिलेली एक लडी, मोजून मुळांची भुकटी आणि एक तांब्याचा हंडा मिळाला. कागदावर प्रश्न होता: 'आलाचा लाल रंग देऊन दाखवा.' पाणी हौदातून घ्यायचे हे लिहिलेले नव्हते. ते लिहिण्याची गरज कुणाला वाटली नव्हती.

सगुणाबाईने उजाडता उजाडता विहिरीवरची एक फळी सरकवली आणि दोन कळशा खारे पाणी काढले. हे तिने का केले ते मी नंतर विचारले. मोठा साहेब हैदराबादहून येतो आहे, त्याला लाल रंग तरी ओळखू येईल, असे तिला वाटले होते. सबंध वर्षात तिने केलेली चूक ही एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने रामराव आले. बरोबर त्यांचा चपराशी रामकिसन, दोन पेट्या आणि एक सुरई. व्हरांड्यात दोरीवर बारा लड्या टांगल्या होत्या. अकरा विटकरी. बारावी लाल, पिकल्या तोंडल्याच्या आतल्या गराइतकी लाल. रामराव पहिल्या अकरांसमोरून हळूहळू गेले. प्रत्येकीपाशी ते मान डोलवत आणि मार्तंडरावांना सांगत की देशी रंग असा असतो: शांत, सोज्वळ, डोळ्याला न टोचणारा, विलायती रंगांनी आपली नजर बिघडवली आहे. हे त्यांनी अलीकडेच कुठेतरी वाचले असावे, कारण ते न अडखळता बोलत होते. बाराव्या लडीपाशी ते थांबले.

"हा पुडीचा आहे," ते म्हणाले.

मार्तंडरावांचा चेहरा उतरला. मग त्यांना राग आला, आणि राग आल्यावर त्यांना बरे वाटले. लढाईच्या दिवसांत पुडी आणली कुठून, कुणाकडून, हे त्यांनी सगुणाबाईला विचारले. ती म्हणाली, पुडी नाही. त्यांनी गोजरबाईला हाक मारली. ती बायकांच्या राहण्याच्या खोल्यांवर देखरेख करी. गोजरबाईने सगुणाबाईची पत्र्याची पेटी व्हरांड्यात आणून उपडी केली. दोन लुगडी, एक चोळी, लाकडी फणी, सुईदोरा, खडीसाखरेची पुरचुंडी. आणि कागदाची एक घडी, तिच्यात लाल पूड.

मार्तंडरावांनी ती घडी रामरावांपुढे धरली, मग माझ्यापुढे. "उमाबाई, तपासा."

ते काय आहे हे व्हरांड्यातल्या प्रत्येक बाईला दिसत होते. तरी मी काचेची वाटी आणली, चिमूटभर पूड पाण्यात टाकली, लिंबू पिळले. ती पिवळी पडली. मी सांगितले की हे हळदीचे कुंकू आहे. मार्तंडरावांनी विचारले की नक्की का. मी म्हटले, नक्की. ज्या बाईच्या नवऱ्याने दुसरी आणली आहे तिच्या पेटीत कुंकू कशाला, असे ते पुटपुटले, आणि हा प्रश्न रसायनाचा नसल्याने मी वाटी धुवायला घेतली.

रामराव माणूस वाईट नव्हते. त्यांना दयाळू असण्याची सवय होती. त्यांनी सांगितले की बाईने माफीनामा लिहून द्यावा, म्हणजे शाळेतून नाव काढले जाणार नाही. पुढच्या साली पुन्हा परीक्षेला बसता येईल. मार्तंडराव म्हणाले, हे साहेबांचे मोठे मन. कागद आणि दौत आणली गेली. सगुणाबाई लिहायला शिकली होती, आणि लिहायला शिकल्यावर आपल्याकडून लिहून घेतला जाणारा पहिला कागद माफीचा आहे हे तिला कळत होते. पुढचे साल तिला नव्हते. ते भोकरदनच्या पलीकडे, सवतीच्या पोरांपाशी होते.

तिने दौत बाजूला सरकवली.

"पुडी न्हाई, सायेब. पाणी हे. खाऱ्या हिरीचं. तुमच्या हौदात सालभर रंग मरून राह्यलाय."

मार्तंडराव मोठ्याने हसले आणि रामरावांकडे वळून म्हणाले की खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिथे रंग काय शिजणार. रामरावांनाही हसू आले. तेव्हा मी बोलले. आवाज मला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा बोलले. तेल-तुरटीची एक लडी कोठीत शिल्लक आहे, मी म्हटले. साहेबांच्या चपराशाने ती स्वतः आणावी, कापून तिचे दोन भाग करावेत. एक हौदाच्या पाण्यात, एक विहिरीच्या. भुकटी सारखी, जाळ सारखा. रामकिसनने शेवटपर्यंत समोर बसावे. तीन तास लागतील.

तीन तास मी विचार करून सांगितले होते. मार्तंडरावांच्या घरी पुरणपोळीचा बेत होता आणि रामरावांची गाडी संध्याकाळी होती. रामरावांनी घड्याळ पाहिले. "हर्ज नाही, करा," ते म्हणाले. मार्तंडरावांची हरकत नव्हती. निकाल त्यांच्या पुस्तकात छापलेला होता.

व्हरांड्याच्या टोकाला दोन चुली पेटवल्या. मी भुकटी तोलून दिली, आठ-आठ तोळे. रामकिसन स्टुलावर बसला. त्याला हे सगळे बायकी वाटत होते आणि तो तसे बोलूनही दाखवत होता. सगुणाबाईने त्याच्यापुढे दोन तांबे ठेवले आणि दोन्ही पाणी चाखायला लावले. विहिरीच्या पाण्याला त्याने तोंड वाकडे केले. हौदाचे पाणी त्याने थुंकले आणि विचारले, ह्यात काय मेलं आहे. चतुराबाई म्हणाली की दादा, ते शुद्ध आहे, पाटी वाचा. रामकिसनला वाचता येत होते. त्याने पाटी वाचली, वर पत्र्याकडे पाहिले आणि स्टूल चुलीच्या अंगाला सरकवून घेतले.

पहिला तास दोन्ही हंडे सारखेच होते. मळकट पिवळे पाणी, मळकट पिवळे सूत. सगुणाबाई दोन्हींतले सूत काठीने खालीवर करत होती, सारख्या हाताने. कुठल्या हंड्यात आपले नशीब आहे हे तिच्या हातावरून कळले नसते. मी जळण सारखे करत होते. तिने मान वर न करता विचारले,

"बाई, तुमाला ठावं व्हतं का, पाण्याचं?"

"हो."

"कधीपून?"

"पहिल्या महिन्यापासून."

काठी तशीच फिरत राहिली. "मंग?"

मी तिला सांगितले की माझी नेमणूक हंगामी आहे.

"माही तर तेवढी बी न्हाई," ती म्हणाली, आणि दुसऱ्या हंड्याकडे वळली.

मी वर्षभर मार्तंडरावांना मनातल्या मनात हसत आले होते. टोपीला, पाटीला, बेचाळीस पानांना. त्या हसण्याला मी अक्कल समजत होते. चुलीसमोर बसल्यावर लक्षात आले की मार्तंडरावांना निदान आपण चुकतो आहोत हे माहीत नव्हते.

दुसऱ्या तासाच्या मध्याला विहिरीच्या हंड्यातले सूत बदलले. आधी गुलाबी, मग गाजरासारखे, मग काठीवर उचलले की पाण्यातून निथळताना सरळ लाल. शेजारच्या हंड्यातले सूत विटेपर्यंत आले आणि तिथेच राहिले.  रामकिसन स्टुलावरून उतरून उकिडवा बसला आणि दोन्ही हंड्यांत आळीपाळीने बघू लागला, जसे माणूस जत्रेत हातचलाखी बघतो. फरक एवढाच की इथे त्याने पाणी स्वतः चाखले होते.

जेवून पान खात रामराव आणि मार्तंडराव परत आले तेव्हा दोन्ही लड्या धुऊन पिळून पाटावर ठेवल्या होत्या. रामरावांनी रामकिसनला विचारले. त्याने सांगितले की सूत मी आणले, मी कापले, मी इथून हललो नाही. हे हौदाचे, हे विहिरीचे, बाईने कशात काही टाकले नाही. आणि न विचारता त्याने हेही सांगितले की साहेबांनी हौदाचे पाणी पिऊ नये.

रामराव लाल लडी हातात घेऊन उजेडाकडे गेले.  मार्तंडरावांनी तोंडातले पान गालात सरकवले. मग ते पुढे झाले.

"साहेब, हा प्रयोग मी मुद्दाम मागं ठेवला होता. दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र प्रकरण घालणार आहे."

हे बोलताना त्यांचा आवाज जराही हलला नाही. मला वाटते, वाक्य संपेपर्यंत त्यांना ते खरे वाटू लागले होते. रामरावांनी त्यांचे अभिनंदन केले. अभिनंदन झाल्यावर त्यांनी सगुणाबाईकडे पाहिले आणि म्हणाले की बाई निर्दोष आहे, माफीनाम्याची गरज नाही. सनद लिहायला घ्या.

तेव्हा मार्तंडरावांना पुठ्ठा आठवला. त्यांनी तो कपाटातून आणला आणि आदबीने रामरावांपुढे ठेवला. सनदेसाठी नियम असा होता की लडी नमुन्याबरहुकूम पाहिजे. रामरावांनी लाल लडी पुठ्ठ्यावरच्या विटकरी जुडीशेजारी धरली. एकदा अशी, एकदा तशी. पुठ्ठ्यावर त्यांच्याच दफ्तराचा शिक्का होता.

ते खरोखर अडचणीत आले होते. त्यांनी तिला समजावून सांगितले. रंग पक्का आहे, मान्य. बिलकुल लाल आहे, तेही मान्य. मगर नमुन्याशी बराबर नाही. नमुना बदलायचा तर शाळेने खात्याला लिहायचे, खात्याने इतर शाळांचे मत मागवायचे, मग नवा पुठ्ठा, नवा शिक्का. पुढच्या सालापर्यंत होऊन जाईल. परतूरची जागा मात्र आजच भरायची आहे. नमुन्याबरहुकूम अकरा लड्या समोर आहेत. मार्तंडराव म्हणाले की नियम साहेबांनाही मोडता येत नाही, आणि हे म्हणताना त्यांना बरेच हलके वाटलेले दिसले.

मी तोंड उघडले. काय बोलणार होते ते मला आज आठवत नाही, चुन्याबद्दल असावे. पण सगुणाबाई माझ्या आधी उठली. तिने पाटावरची दुसरी लडी उचलली, हौदाच्या पाण्यातली. ओली होती, तिने पुन्हा एकदा घट्ट पिळली, झटकली आणि पुठ्ठ्यावर आणून ठेवली.

"मंग हे घ्या. हे बी मह्याच हातचं हे. चपराशीदादाला इचारा."

रामकिसन म्हणाला, हो, माझ्या डोळ्यांदेखत.

रामरावांनी लडी जुडीशेजारी धरली. कुठे लडी संपते आणि कुठे नमुना सुरू होतो ते सांगता आले नसते. अकरा लड्यांपैकी एकही इतकी जुळत नव्हती. बाकीच्या बायकांचा जाळ कमीजास्त झाला होता, हिचा एकसारखा होता. रामरावांचा चेहरा उजळला. असा तंतोतंत हात आपण या दौऱ्यात पाहिला नाही, असे ते म्हणाले, आणि परतूरच्या जागेसाठी सगुणाबाईचे नाव त्यांनी आपल्या हाताने लिहिले. मार्तंडरावांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचे बघून बायकांनी वाजवल्या. चतुराबाई तेवढी वाजवत नव्हती. ती पदर तोंडाशी धरून खांबाकडे वळून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

सनदेवर रसायन परीक्षकाची सही लागे. कारकुनाने उर्दूत लिहिले होते: 'लडी नमुन्याबरहुकूम आहे.' मी वाचले. वाक्यात कुठेही खोटे नव्हते. मी सही केली आणि खाली तारीख घातली.

लाल लडी मार्तंडरावांनी काचेच्या कपाटात ठेवली. खाली चिठ्ठी: 'प्रयोग क्रमांक दोन, मार्तंड देऊळगावकर.' सरकवलेली फळी त्याच आठवड्यात पुन्हा ठोकली गेली. पहिल्या आवृत्तीच्या बऱ्याच प्रती अजून शिल्लक होत्या, आणि त्या संपेपर्यंत पावसाचेच पाणी शुद्ध राहणार होते.

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ गाडी घेऊन आला. परीक्षा झाल्याचे त्याला कळले होते, निकाल कळला नव्हता. तरी गाडीत तो सासरचा माणूस बसवूनच आला होता. नवऱ्याचा चुलतभाऊ, फेटा मोठा, मांडीवर गाठोडे. सगुणाबाईने भावाच्या हातात सनद दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, मग मला वाचायला सांगितली. मी वाचली. आलाचा लाल रंग नमुन्याबरहुकूम देते. परतूरच्या मुलींच्या शाळेत नेमणूक. राहायला शाळेतली खोली.

बद्रीनाथने सनद परत घेऊन पुन्हा उलटी करून पाहिली. त्याने अट घातली होती आणि ती अशी उलटून आपल्याकडे येईल असे त्याला वाटले नव्हते. चुलतभाऊच बोलला. चांगली गोष्ट आहे, तो म्हणाला, पण आधी घरी चलावं. चार माणसांना विचारावं. घरधनी काय म्हणतो ते बघावं. नोकरी कुठं पळून जात नाही. तो हे गोड आवाजात म्हणत होता आणि जागेवरून हलत नव्हता.

सगुणाबाईने पत्र्याची पेटी स्वतः उचलून गाडीत चढवली. भावाच्या हातातून सनद घेतली, घडी न करता पेटीत लुगड्यांमध्ये सपाट ठेवली, आणि पेटीवर बसली.

"बद्रीभाऊ, गाडी टेशनावर घे. पाव्हण्याला भोकरदनला जायाचं असंल तर उतरू दे त्याला."

बद्रीनाथने बहिणीकडे पाहिले, मग पाव्हण्याकडे, मग बैलांकडे. शब्द त्याचा होता. त्याने कासरा ओढला. गाडी फाटकातून बाहेर पडून स्टेशनच्या बाजूला वळली, तेव्हा पाव्हणा रागाने खाली उडी मारून रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि धोतर झटकू लागला. गाडी बरीच पुढे गेल्यावर त्याच्या लक्षात आले की गाठोडे गाडीतच राहिले आहे. त्याने दोनदा हाक मारली. गाडी थांबली नाही, म्हणून तो मागून चालत निघाला.